बाजेला टांगलेला बिल्ला

माझी भाची संगीता करंजाड्याला सातव्या मजल्यावर राहते आणि तिच्या घरात भिंतीएवढा टीव्ही आहे. मागच्या शनिवारी मी तिच्याकडे गेले होते. "मावशी, आज एक भारी सिनेमा बघू, अणुभट्टीत अपघात होतो, जीव मुठीत धरून बसशील," असं म्हणत तिनं मला सोफ्यावर बसवलं आणि उपासाची खिचडी हातात दिली. पहिली पंधरा मिनिटं मी बघितलं. पांढरा घुमट, काचेमागे बसलेली माणसं, एकमेकांवर खेकसणारे साहेब. मग भोंगा वाजला आणि मी उठले. भांडी घासते म्हटलं. भांडी बाई कधीच घासून गेली होती, तरी मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिले आणि तीच भांडी पुन्हा विसळत बसले. संगीता हसली. तिला वाटतं मावशी भित्री आहे. ती स्वतः दवाखान्यात एक्स-रे काढते आणि दिवसभर छातीवर बिल्ला लावून वावरते. तिच्या जन्मानंतर पाचव्याच दिवशी तसला एक बिल्ला तिच्या बाजेला टांगलेला होता, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही. पण आता आयुष्याचं लिहायलाच बसले आहे, तर एवढं एक प्रकरण गाळून पुढं जाणं म्हणजे मांजरानं डोळे मिटून दूध पिण्यातली गत.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून. आता तिथं काय आहे ते विचारू नका. एवढा भराव पडलाय की आमची चूल नेमकी कुठं होती ते मलाही दाखवता येणार नाही. तेव्हा घरामागे बांध होता आणि बांधापलीकडे मिठागरं. थंडी सरली की दिवसभर लाकडी फळीनं मीठ ओढल्याचा खर्र खर्र आवाज यायचा, आणि तो थांबला की घरातलं कुणीतरी मान वर करून बघायचं, काय झालं म्हणून. घर मातीचं, कौलारू, पुढं पडवी. पडवीत वाळत घातलेला जवळा, त्यामुळे मांजरांचा मुक्काम कायमचा. सकाळी तांदळाची भाकरी आणि रात्रीचं कालवण, दुपारी भात, आणि भरतीचं पाणी ओसरलं की आई बांधावरून जाऊन चिखलातल्या चार निवट्या, म्हणजे बारके मासे, नाहीतर शिंपल्यांतले खुबे घेऊन यायची. खुब्यांचं वाटण ती पाट्यावर वाटायला लागली की मी अभ्यास सोडून चुलीपाशी. अजून मला त्या वासाची आठवण आली की भूक लागते, पोट भरलेलं असलं तरी.

बाबा, म्हणजे नामदेव, वयाच्या बाराव्या वर्षापासून मिठागरात. त्यांच्या टाचांना इतक्या भेगा होत्या की आई त्यात मेण भरायची. शेवटी गावातल्या एका कंत्राटदाराच्या ओळखीनं त्यांना अणूच्या कारखान्यात साफसफाईचं काम लागलं. कारखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या कुणाबद्दल माझी काही तक्रार नाही, जे केलं ते आमच्याच घरानं केलं. पनवेलच्या नाक्यावरून सकाळी गाडी यायची, तासाभराचा रस्ता. आत फरशा पुसायच्या, डबे हलवायचे, धुतलेले डगले घड्या करून ठेवायचे. कंत्राटी काम, पण वर्षभर चालणारं, आणि दोन-तीन वर्षांत कायम करतील असं बोललं जायचं. "कायम" हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जायचा. ताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं वनिताचं, लग्न त्या शब्दावरच ठरलं होतं.

बिल्ला म्हणजे प्लास्टिकची चपटी डबी, आगपेटीपेक्षा थोडी मोठी, आत फोटोच्या फिल्मचा तुकडा. आत जाताना फळीवरून आपला बिल्ला घ्यायचा, छातीला लावायचा, आणि सुटताना परत फळीवर टांगायचा. घरी आणायची सक्त मनाई. फळीवर देखरेखीला गणपतकाका असायचे, चिरनेरचे. बाबांचे एका डब्यात जेवणारे दोस्त. महिना संपला की सगळ्या डब्यांतल्या फिल्मा तपासायला जायच्या, कुणाला किती किरणं लागली ते बघायला. हे सगळं बाबांनी आम्हाला दहा वेळा सांगितलं होतं. पण सांगितलेलं डोक्यात किती शिरतं आणि पडद्यावर बघितलेलं किती शिरतं, यात फरक असतो.

तो सिनेमा पनवेलला लागला तेव्हा ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, आठवा सरत आलेला. सिनेमा विलायती, हिंदीत केलेला. नाव आता आठवत नाही. गावात बातमी पसरली की नाम्याच्या कारखान्याचा सिनेमा आलाय, आणि रविवारी दुपारच्या खेळाला अर्धा गाव बाबांना पुढं घालून निघाला. बाबा नवा सदरा घालून, जसं काही त्यांचाच सत्कार आहे. ताई पोटुशी म्हणून शेजारच्या काकूंपाशी राहिली. मी दहावीत, हिंदी समजणारी, म्हणून मला आईशेजारी बसवलेलं, तिला कानात सांगायला.

गोष्ट अशी होती की समुद्राकाठच्या एका कारखान्यात कसलासा व्हॉल्व्ह अडकतो, साहेब लोक ती गोष्ट दाबून ठेवतात, आणि एका संध्याकाळी भोंगा वाजून लोखंडी दारं बंद व्हायला लागतात. आत दोन माणसं राहतात. एक म्हातारा, हातात फरशी पुसायचा दांडा, आणि एक पोरगेलासा कामगार. बाहेरच्या दाराशी पहारेकरी उभा, ज्याचा बिल्ला पांढरा आहे त्यालाच बाहेर सोडणार, ज्याचा काळा पडला तो आतच. पोराचा बिल्ला काळा पडलेला. म्हातारा आपल्या छातीवरचा पांढरा बिल्ला काढतो, पोराच्या छातीला लावतो आणि त्याला ढकलून देतो. मग तो भिंतीला पाठ लावून बसतो. आख्ख्या थिएटरात एक बाकडं वाजलं नाही. फरशी पुसणारा माणूस पडद्यावर बघितला आणि आमच्या गावाला तो आपलाच वाटला. आईनं माझा हात घट्ट धरला. "त्यानं त्याचा बिल्ला त्या पोराला का दिला गो?"

मला पुढचं बघायचं होतं. पोरगा दारापाशी पोचतो का नाही यात माझा जीव अडकलेला. पहारेकरी, पांढरं, काळं, हे सगळं समजावत बसायला मला वेळ नव्हता. मी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं, "तो जगावा म्हनून."

आईनं मान हलवली. एवढंच. परतताना बाबांना सगळे विचारत होते, नाम्या तुजा बिल्ला काला परला तं? बाबा हसून सांगत होते की खरा बिल्ला डोळ्यांना काळाबिळा दिसत नाही, आतली फिल्म धुवायला लागते तेव्हा कळतं, सिनेमावाल्यांना एवढा धीर कुठला. आई मागं मागं चालत होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: ज्याच्या अंगावर बिल्ला, तो वाचतो. आणि तिच्या घरात एक लेकरू येऊ घातलं होतं, अशा घरात, जिथला कर्ता माणूस रोज त्या भोंग्याच्या जागी जाऊन परत येत होता.

संगीता सोमवारी झाली. शुक्रवारी पाचवी. आमच्याकडे पाचवीला पाटा मांडतात, त्याच्यावर वरवंटा, हळदकुंकू, जवळ विळा, आणि कोरा कागद नि लेखणी. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते, म्हणून. त्या संध्याकाळी बाबा गाडी चुकू नये म्हणून धावतपळत सुटले आणि बिल्ला खिशातच राहिला. घरी येऊन त्यांनी सदरा खुंटीला लावला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेले. सदऱ्याची घडी करताना आईच्या हाताला डबी लागली. तिनं ती आधी पाट्यावर ठेवली, विळ्याशेजारी, वर हळदीचं बोट लावलं. बायका ओव्या म्हणत होत्या, कुणी विचारलं नाही. पूजा झाल्यावर तिनं ती काळ्या दोऱ्यात ओवली आणि बाजेला, बाळाच्या उशाच्या बाजूला, खाली लोंबती बांधली. बाजेखाली शेगडी. बाळंतिणीला शेक, त्यात ओवा, शेपा आणि लसणाची सालं टाकलेली, खोलीत धूर कोंडलेला. मी सगळं बघत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आईनं घरातली सगळ्यात मोलाची वस्तू ताईच्या लेकीला दिली याचं मला जरासं कौतुकच वाटलं.

शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम होतं. बाबा पेज पिऊन निघाले, जाताना ताईच्या खोलीत वाकून बघितलं, जरा वेळ तिथंच उभे राहिले आणि न बोलता गेले. दुपारी आले ते आधी विहिरीवर आंघोळ करून मग घरात. रविवार असाच गेला. सोमवारी पहाटे आईनं दोरा सोडला, पदरानं हळद पुसली आणि डबी त्यांच्या खिशात टाकली. बाबा खिशावर हात मारून गाडीला गेले. झालं, विषय संपला, असं आईला वाटलं आणि मलाही.

पुढच्या महिन्यात एका दुपारीच बाबा घरी आले. त्यांची फिल्म काळी निघाली होती. थोडीथोडकी नाही, आख्खी. दोन साहेबांनी बसवून विचारलं होतं: कुठे होतास, काय उचललंस, कुठल्या खोलीत किती वेळ. रक्त घेतलं, लघवीसाठी बाटल्या दिल्या. आतलं काम बंद, रोज जाऊन नुसतं बाकावर बसायचं. आणि एक साहेब म्हणाले, घाबरू नकोस, तुझं जे काय होईल ते बघू, बाहेरचं बागेचं हलकं काम देऊ, कायम करून घेऊ. म्हणजे ज्या शब्दासाठी घर तीन वर्षं डोळे लावून बसलं होतं तो असा आला. आईनं तो ऐकला आणि डोळ्यांना पदर लावला. कारण काळा बिल्ला म्हणजे काय, हे आख्ख्या गावानं दोन रुपयांचं तिकीट काढून बघितलेलं होतं.

तेव्हापासून बाबा आमच्यात राहीनासे झाले. त्यांनी स्वतःचं ताट वेगळं केलं, पडवीच्या टोकाला गोणपाट टाकून तिथंच झोपू लागले. पण हे मी समजू शकत होते. समजत नव्हतं ते एवढंच की संगीताकडे ते बघतसुद्धा नव्हते. बाळ रडलं की उठून बांधावर जायचे. ताईनं एकदा तिला त्यांच्या मांडीवर ठेवायला पुढं केलं तर असे मागे सरले की मागची घागर कलंडली. ताई रडली, म्हणाली मुलगी झाली म्हणून बाबांना आवडलं नाही. गावातले लोकही शहाणे. आमच्या पडवीतला जवळा कुणी घेईना, आमच्या विहिरीवरून पाणी नेणाऱ्या बायका लांबच्या विहिरीला जायला लागल्या. ताईच्या सासरचा निरोप आला की बाळाला घेऊन यायची घाई करू नका. त्या निरोपातली गोडी मला अजून आठवते. त्याहून वाईट म्हणजे गणपतकाकांना घरी बसवलं होतं. फळीवरचे बिल्ले त्यांनी नीट सांभाळले नाहीत, उन्हात ठेवले असतील, अशी चौकशी लागली होती. चार पोरांचा माणूस. बाबा रोज म्हणायचे, गणपतचं काय चुकलं नाय, आणि पुढं काही बोलायचे नाहीत.

दहावीच्या फॉर्मला फोटो लागायचे, म्हणून मी पनवेलला एका फोटो स्टुडिओत गेले. माझे फोटो तयार नव्हते. स्टुडिओवाले काका वैतागलेले, त्यांच्या नव्या पोऱ्यानं लग्नाचा आख्खा रोल स्टोव्हच्या वरच्या फळीवर ठेवला होता आणि धुतला तर सगळा काळा. ते मला दाखवत होते, जणू मीच कोण परीक्षक. "फिल्मला उन्हाची नाहीतर आगीची धग लागली की संपलं," म्हणाले, "मग तिच्यावर लग्न असो की मयत, काळंच निघणार." मी त्या पट्टीकडे बघत उभी राहिले. मग फोटो न घेताच निघाले. नाक्यापासून घरापर्यंत कशी आले ते मला सांगता येणार नाही, चपलेचा अंगठा तुटलेला मला घरात आल्यावर दिसला.

आईला मी चुलीपाशीच गाठलं. शेगडी, बिल्ला, स्टुडिओ, सगळं सांगितलं. ती तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ऐकत राहिली. मी म्हटलं, "आये, सिनेमात तू विचारलंस तवा मी नीट सांगाया पायजे व्हतं." ती म्हणाली, "तू पोर. मी तीन पोरांची आय." आमच्या मधला एक भाऊ लहानपणी गेला होता, त्याला ती नेहमी मोजायची. मग ती पदर खोचून पडवीच्या टोकाला गेली आणि बाबांच्या समोर उभी राहून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मी दाराआडून बघत होते. मला वाटलं बाबा हात उचलतील. कधी उचलला नव्हता, पण त्या दिवशी उचलला असता तर मी काही म्हटलं नसतं.

बाबांनी तिला दोनदा विचारलं. "धगीनं? नुसत्या धगीनं?" मग मला हाक मारली आणि स्टुडिओवाल्याचं सगळं पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं. आणि मग ते म्हणाले, "म्हंजे पोरीला काय नाय?"

मला ते तेव्हाही चमत्कारिक वाटलं. स्वतःचं मरण टळलं आणि हा माणूस विचारतोय पोरीचं. पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता, कारण बाबा उठले, विहिरीवर जाऊन हातपाय धुतले, आत आले आणि ताईच्या बाजेवरून संगीताला उचलून घेतलं. दीड महिन्याची झाली होती, पहिल्यांदाच. ते रडत होते, आवाज न करता, आणि संगीता त्यांच्या सदऱ्याचं बटण तोंडात घालायला बघत होती. ताईला काही कळेना, ती कधी आईकडे बघे, कधी माझ्याकडे.

आता खरं तर गप्प बसलं असतं तर चाललं असतं. बागेचं हलकं काम, कायम नोकरी, सगळं तोंडाशी आलेलं. हे मी बोलूनही दाखवलं, लाज सोडून. बाबा म्हणाले, "आन् गणपत?" दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडीनं गेलो. आईनं लुगडं धुवट नेसलेलं, हातात तो काळा दोरा, पुरावा म्हणून.

साहेब चष्म्याचे, शांत होते. आईच सांगायला लागली, चूक माजी हाय, मानसाचा काय दोष नाय, मी बाजेला बांधला. साहेब ऐकत गेले. "बाई, बिल्ला माणसाला वाचवत नाही," ते म्हणाले, "तो फक्त मोजतो." आईनं विचारलं, मग छातीवर कशाला लावता? ते चष्मा काढून पुसत म्हणाले, वाचवायचं तर आधी कळायला तर पाहिजे. मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, बिल्ला घरी नेला कधी, आणला कधी. बाबा म्हणाले, "शनवारी दुपारी चुकून खिशात ऱ्हायला. सोमवारी परत आनला." आईनं त्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं, कारण पाचवी शुक्रवारची. पण साहेबासमोर नवऱ्याचं वाक्य दुरुस्त करायची रीत आमच्यात नव्हती, आणि घाबरलेला माणूस वार विसरतोच. साहेबांनी शनिवार लिहून घेतला. उठताना बाबांनी विचारलं की त्या काळ्या फिल्ममधलं शेगडीचं किती आणि माझं किती, हे कळंल का. साहेब म्हणाले, "नाही. आता काहीच कळणार नाही. त्या महिन्याचं तुमचं पान कोरं."

गणपतकाका कामावर परत गेले. बाबांना कंत्राटदारानं काढलं, बिल्ला बाहेर नेल्याबद्दल, आणि तो नियमच होता. ते पुन्हा मिठागरात गेले, टाचांना पुन्हा भेगा. ताईच्या सासरी तीन वेळा जाऊन त्यांनी समजूत घातली तेव्हा ते बाळाला न्यायला आले. गणपतकाका एका रविवारी चिरनेरहून कोंबडा घेऊन आले, पडवीत दोघं बराच वेळ खालच्या आवाजात बोलत होते आणि काका मध्येच बाबांच्या पायाला हात लावत होते. मला वाटलं, नोकरी वाचवली म्हणून. आई जन्मभर म्हणत राहिली की माझ्या येडेपणानं घराची भाकरी गेली. तिनं त्या वर्षापासून शनिवार धरला. कडक उपास, पाणी आणि संध्याकाळी एकदाच काहीतरी. आम्ही विचारलं तर म्हणायची, मारुतीचा.

बाबा पुढं तीस वर्षं जगले. त्यांच्या छातीत गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी विड्यांचं विचारलं, आणि विड्या होत्याच, हवं तेवढं खापर फोडायला. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याजवळ असायची. एका दुपारी आई डोळा लागून आत निजली होती. बाबांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सुले, त्या शनवारी मी बिनबिल्ल्याचा गेलेलो."

मला आधी कळलंच नाही, कुठला शनिवार. मग ते थांबत थांबत बोलत गेले. शनिवारी सकाळी ताईच्या खोलीत वाकले तेव्हा त्यांनी बाजेला टांगलेला बिल्ला बघितला होता. मी विचारलं, मग सोडून का नाही घेतला?

"तुज्या आयनं बांधलेला," ते म्हणाले. "सोडला असता तं तिचा जीव थाऱ्यावर ऱ्हायला नसता. मना वाटलं, अर्धा दिवस हाय, काय व्हतंय."

फळीवर गणपतकाका. दोस्त. त्यांनी जाऊ दिलं, सोमवारी आण म्हणाले. त्या दिवशी एका आतल्या खोलीची फरशी बाबांनी पुसली, रोजच्यासारखी. त्यात काही होतं की नव्हतं, कुणालाच माहीत नाही, कारण मोजणारा बिल्ला आमच्या घरी होता. आणि महिन्यानं जेव्हा फिल्म काळी निघाली तेव्हा बाबांना शेगडी सुचली नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की तो बिल्ला दोन दिवस, तीन रात्री बाळाच्या उशाशी होता. "मना वाटलं मीच आनलं घरात," ते म्हणाले. "अंगावरनं. पोरीच्या उशाला." ते सगळे आठवडे ते पडवीच्या टोकाला बसून स्वतःच्या मरणाला घाबरत नव्हते. आपण नातीला मारलं, असं धरून बसले होते, आणि तोंडातून काढलं तर गणपतची नोकरी जाते. मी मघाशी लिहिलं की पोरीला काय नाय हे त्यांचं विचारणं मला चमत्कारिक वाटलं. अगं बाई, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पाचवी शुक्रवारची, बिल्ला सोमवारी सुटला, मधे शनिवार. दहावीला गणितात मला चांगले मार्क होते.

"आयला सांगू नको," ते म्हणाले. "तिला वाटंल तिनं मना मारला." मी नाही सांगितलं. ते गेल्यावर आई अकरा वर्षं होती, तेव्हाही नाही.

तिच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले. सगळे सोडले तिनं, एकादशीसुद्धा. शनिवार सोडेना. मी रागावले. म्हटलं, मारुतीला कळतं, आजारी माणसाकडून तो काही मागत नाही. तिनं उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "त्या हापिसात तुज्या बापानं शनवारी दुपार सांगितलं ना. मी तवाच समजले." आणि थोड्या वेळानं, "त्याला नाय सांगितलं मी. त्याला वाटलं असतं मी मनाला लावून घेतलं."

एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन, तीस वर्षं दोघांनी एकमेकांपासून तो शनिवार लपवला होता. मी तिचा हात धरून बसले. शनिवारच होता, त्या दिवशी तिला पेज पाजली नाही.

आता शनिवार मी धरते. परवा टीव्ही बंद करून संगीता स्वयंपाकघरात आली, खिचडीची ताटली उचलली आणि म्हणाली, मावशी, एवढी शिकलेली तू, तू कसला गं हा उपास करतेस. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. मारुतीचा, म्हटलं.